जुन्या लॅपटॉपसाठी सगळ्यात हलकी लिनक्स कोणती? (पत्ते चालले पाहिजेत)

निळी शाई

मंडळी, मदत हवी आहे.

माझ्या मावशीकडे २००७ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज ७, कधीकाळी मीच घालून दिलेली. सुरू व्हायला पाच मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी दोन. हल्ली बरीच संकेतस्थळं 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणून दारातूनच परत पाठवतात. एका दुरुस्तीवाल्याला दाखवला तर त्याने न उघडताच 'टाकून द्या' म्हणून सांगितलं. मावशी भडकली. तिच्या मते लॅपटॉपला काही झालेलंच नाही, आणि खरं सांगायचं तर कीबोर्ड, पडदा, बिजागऱ्या सगळं शाबूत आहे.

तिला लागतं काय? ईमेल, मराठीत लांबलचक लिहिणं, अधूनमधून एखादा व्हिडिओ आणि रोज तासभर पत्ते (सॉलिटेअर). शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

विंडोजऐवजी घालायची दुसरी कार्यप्रणाली म्हणजे लिनक्स, आणि ती हलकी असते एवढं ऐकून आहे. शोधायला गेले तर तिच्याच प्रकारांची ढीगभर नावं समोर आली. कुणी पपी म्हणतं, कुणी लुबंटू, कुणी टायनी कोअर. सगळ्यात हलकी कोणती तेवढं सांगा, तीच टाकते.

सुतारपक्षी

टायनी कोअर. विषय संपला. आख्खी कार्यप्रणाली डेस्कटॉपसकट २३ एमबीच्या आसपास. मोबाइलवर काढलेले चार फोटो याहून मोठे असतात.

अर्धविराम

@सुतारपक्षी, विषय संपला नाही, सुरू झालाय. त्या २३ एमबीत ब्राउझर नाही, मराठी फॉन्ट नाही, पत्ते नाहीत. हे सगळं वरून घातलं की वजन पुन्हा तिथेच. शिवाय प्रत्येक गोष्ट एक्स्टेन्शन म्हणून उतरवायची आणि जपून ठेवायची फाइल यादीत घातली नाही तर बंद केल्यावर गायब. मावशींनी दोन पानं लिहून लॅपटॉप बंद केला आणि सकाळी पानं नाहीत, तर निळी शाई यांचं काय होईल याचा विचार करा.

टायनी कोअर फार सुंदर चीज आहे, पण ती तुमच्या-माझ्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी.

सुतारपक्षी

रिकामटेकडा हा शब्द मनाला लागला. खरा असल्यामुळे जास्त लागला.

रात्रपाळी

शाईताई, कुंडली दिल्याशिवाय कुणी स्थळ सुचवू नका अशी माझी विनंती. तीन गोष्टी सांगा: प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क कोणती. आणि प्रोसेसर ३२-बिट (जुनी जात) की ६४-बिट (नवी जात) हे सगळ्यात आधी. २०२५ नंतर या एका प्रश्नावर निम्मी यादी गळून पडते.

निळी शाई

स्टिकरवर 'कोअर ड्युओ' असं काहीतरी आहे, अर्धा खरवडलाय. रॅम १ जीबी. डिस्क ८० जीबी. विंडोजमध्ये '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम' असं दिसतंय, म्हणजे ३२-बिटच ना?

रात्रपाळी

नाही! इथे भलेभले फसतात. विंडोज जे सांगते ते स्वतःबद्दल. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज त्या काळी सर्रास घातलेली असायची.

आणि स्टिकर नीट बघा. 'कोअर ड्युओ' आणि 'कोअर २ ड्युओ' हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. दोन्ही २००६ चेच. पहिला फक्त ३२-बिट, दुसरा ६४-बिट. मधला तो २ खरवडला गेला असेल तर सगळा निकाल फिरतो. कुठलीही लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे डिस्कवर न घालता) सुरू करा, टर्मिनल उघडून एलएससीपीयू ही कमांड द्या (अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत). दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ३२-बिट, ६४-बिट दोन्ही दिसलं तर घोडं गंगेत न्हालं.

तिरकस

मी विरोधी पक्षात बसतो. १८-१९ वर्षांचं यंत्र. त्यात जीव ओतून शेवटी हातात काय येणार? रडतखडत चालणारा ब्राउझर. एखादा वापरलेला पण आठ-दहा वर्षांनी नवा लॅपटॉप शोधा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगलीचुंगली यंत्रं लोक काढून टाकतायत. त्यावर लिनक्स टाका, पळेल. २००७ च्या यंत्राला निवृत्ती द्या.

पाचवी रेघ

तिरकस यांच्याशी तत्त्वतः सहमत, पण धाग्यात प्रश्न 'काय विकत घेऊ' असा नाहीये.

उंबरठा

वाचतोय. माझ्याकडेही असाच एक धूळ खात पडलाय.

निळी शाई

@तिरकस, मी तेच सुचवलं होतं. मावशीचं उत्तर: "मलाही बदलून आण मग एखादी वापरलेली." त्यावर बोलायला काही उरलं नाही.

@रात्रपाळी, बघितलं! आधी पेनड्राइव्हवरून बूट व्हायचं नावच घेईना, मग बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन क्रम बदलला. टी५५०० दिसतंय, १.६६ गिगाहर्ट्झ. ३२-बिट, ६४-बिट दोन्ही लिहिलंय.

रात्रपाळी

कोअर २ ड्युओ. अभिनंदन, अर्धी लढाई जिंकलात.

बाकीच्यांसाठी सांगतो, हे एवढं महत्त्वाचं का. उबंटू या लिनक्सने ३२-बिटची डेस्कटॉप आयएसओ (यंत्रावर घालायची फाइल) २०१७ मध्येच बंद केली. क्रोमने लिनक्सवर ३२-बिट २०१६ ला सोडलं. तरी डेबियन होतं म्हणून आपण निवांत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात ३२-बिट पीसीसाठी कर्नलही (कार्यप्रणालीचा मुख्य भाग) नाही, इन्स्टॉलरही नाही. डेबियनवर बेतलेल्या सगळ्यांच्या पायाखालची सतरंजी तिथे सरकली. फायरफॉक्सनेही १४५ पासून लिनक्सवरचं ३२-बिट थांबवलं, फक्त ईएसआर १४० ला (जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती) सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी सुरक्षा अद्यतनं मिळणार आहेत.

तुम्ही त्या भानगडीतून सुटलात.

अर्धविराम

आता मूळ प्रश्नाकडे. 'सगळ्यात हलकी कोणती' हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. मी गेल्या काही वर्षांत ओळखीपाळखीतली नऊ-दहा यंत्रं अशी जिवंत केली असतील. अनुभव असा, की डेस्कटॉप १५० एमबी खातो की ५०० एमबी यावर आपण तासन्‌तास भांडतो आणि मग ब्राउझर उघडून दोन टॅबमध्ये एक जीबी उडवतो. जड काय असतं? ब्राउझर. खरं म्हणजे ब्राउझरही नाही, आजकालची संकेतस्थळं. एका बातमीच्या पानावर जेवढी जावास्क्रिप्ट असते तेवढ्यात एके काळी आख्खा ऑफिस संच मावत होता. ते ओझं कुठलीही डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार) कमी करू शकत नाही. अँटिएक्ससारखी हलकी डिस्ट्रो असो की मिंटसारखी जड, जीमेल तेवढंच जड.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी रॅम, मग एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क), मग जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, आणि सर्वांत शेवटी डिस्ट्रो. १ जीबीवर काहीही टाका, मावशी ईमेल उघडतील आणि लॅपटॉप डिस्क खरवडत बसेल. त्या काळच्या यंत्रात डीडीआर२ लागते. कुणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपमधून दोन पट्ट्या काढता आल्या तर बघा. मागची झाकणी उघडली की चिमटे सारून पट्टी निघते, दहा मिनिटांचं काम.

एसएसडीबद्दल लोक म्हणतात की जुन्या साटावर (डिस्क जोडायच्या जोडणीवर) काय उपयोग. साटाची पहिली पिढी साधारण १५० एमबी सेकंदाला देते, दुसरी ३००. नव्या एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही हे खरं. पण मंदपणा वाटतो तो सलग वेगामुळे नाही, हजार छोट्या फाइली इकडून तिकडून वाचताना फिरत्या तबकडीचं डोकं नाचत राहतं त्यामुळे. ते नाचणं थांबतं. फरक पहिल्याच बूटला कळतो.

गंजका खिळा

अर्धविराम यांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली.

फक्त एक भर. रॅम वाढवेपर्यंत झेडरॅम चालू करा. रॅममध्येच एक दाबून भरलेला कप्पा तयार होतो आणि कमी लागणारी पानं डिस्कवर जाण्याऐवजी त्यात जातात. मजकूर आवळून बसतो, त्यामुळे साधारण दुप्पट-तिप्पट माल मावतो. बदल्यात प्रोसेसरला थोडं काम. डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा कितीतरी पटीने बरं. डेबियनच्या कुळात झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे.

दोरीवरचा

मला एक कळत नाही. मी मिंट टाकली, एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) वाली, २ जीबीवर. काहीही न उघडता फ्री कमांड म्हणते की रॅम जवळजवळ सगळी संपली. फ्री खाली फक्त ११० एमबी. ही कसली हलकी?

रात्रपाळी

'फ्री'चा रकाना बघूच नका, 'अव्हेलेबल'चा बघा. रिकामी रॅम वाया जाऊ नये म्हणून लिनक्स त्यात डिस्कवरच्या फाइली तात्पुरत्या धरून ठेवते. कुणी मागितली की लगेच सोडते. घरात पाहुणे नसताना आपण बैठकीच्या खोलीत पसरतो तसं. पाहुणे आले की आवरतो. तुमचा अव्हेलेबल किती आहे?

दोरीवरचा

१.२ जीबी. बरं. मग मी तीन दिवस विनाकारण काळजीत होतो.

वळणाची वाट

माझा कौल पपीला. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली. सगळीच्या सगळी रॅममध्ये चढते, त्यामुळे डिस्क मेलेली असली तरी पेनड्राइव्हवरून मजेत चालते. हार्ड डिस्कला हात न लावता वापरून बघता येते. तुमचे बदल एका सेव्हफाइलमध्ये जातात. बिघडलं तर ती फाइल फेकली की पुन्हा कोरी करकरीत.

अर्धविराम

पपी मलाही आवडते, पण मावशींसाठी दोन अडचणी. एक, तुम्ही कायम रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून वावरता. त्यांचं समर्थनही आहे त्यामागे, पण ज्यांना फाइल आणि फोल्डर यात फरक वाटत नाही त्यांच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायला माझं मन होत नाही. दोन, १ जीबी रॅममध्ये आख्खी कार्यप्रणाली चढवली तर ब्राउझरला उरणार किती?

वळणाची वाट

पहिला मुद्दा मान्य नाही, दुसरा मान्य. एकट्या माणसाच्या यंत्रात रूट काय नि साधा काय, महत्त्वाच्या फाइली तर साध्याच्याच घरात असतात ना? उडाल्या तर त्याच उडणार.

अर्धविराम

कार्यप्रणालीही उडवता येते हा फरक. पण जाऊ दे, यावर आपण दोघे याआधीही भांडलोय आणि दोघेही थकलो होतो.

पाचवी रेघ

अवांतर: डिस्ट्रोला मराठीत 'वितरण' म्हणतात म्हणे. "तुमच्याकडे कोणतं वितरण आहे?" असं विचारलं तर समोरचा म्हणेल वर्तमानपत्राचं.

तिरकस

आणि पडद्यावरच्या खिडक्या मांडणाऱ्या विंडो मॅनेजरला काय म्हणायचं? खिडकी व्यवस्थापक? गज, पडदे, तावदानं सगळं त्याच्याकडेच.

सुतारपक्षी

कर्नलला 'गाभा' मात्र छान शोभतो. 'गाभा कोलमडला' हे 'कर्नल पॅनिक'पेक्षा कितीतरी करुण आहे.

अवांतरात अवांतर: लिनक्सच्या जनकाने, टोरवाल्ड्सने, २५ ऑगस्ट १९९१ ला ती जाहीर केली तेव्हा म्हटलं होतं की हा नुसता छंद आहे, काही मोठं होणार नाही. सगळं इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर केलेलं. आणि लिनक्स ३.८ मध्ये त्याच ३८६ चा आधार काढून टाकला. ज्या अंगणात रांगली तेच मोडून खाल्लं.

उंबरठा

गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्स या कार्यप्रणालीचं काय? सोपं असतं म्हणे.

रात्रपाळी

४ जीबी रॅम मागतं, आणि ते पूर्णपणे मुक्तस्रोतही नाही. इथे दोन्हीकडून बाद.

नेटवर कुणी कुणी कापूनछाटून ठेवलेल्या 'लाइट' विंडोज मिळतात त्यांच्याही नादी लागू नका. त्यात काय काढलंय ते सांगतात, काय घातलंय ते सांगत नाहीत.

निळी शाई

बाप रे, केवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही दोनदा.

रॅम मिळाली! माझ्याच भावाच्या मेलेल्या लॅपटॉपमधून २ जीबीच्या दोन पट्ट्या निघाल्या. पण घोळ असा की ४ जीबी घालूनही यंत्र ३.२ च्या आसपासच दाखवतंय. पट्टी खराब आहे का? ६४-बिट लिनक्सला तर ४ जीबी दिसायला पाहिजे ना?

गंजका खिळा

पट्टी बहुधा ठीक आहे. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचा ९४५ चिपसेट असायचा. त्याचे पत्तेच ४ जीबीपर्यंतचे (हे पत्ते वेगळे, मावशींचे नव्हेत), आणि त्यातलेच वरचे काही ग्राफिक्स नि इतर उपकरणांसाठी राखीव. म्हणून पाऊण जीबी पट्टीत असूनही हाताला लागत नाही. कार्यप्रणाली बदलून फरक पडणार नाही. तरी जुन्या पट्ट्या आहेत, एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. खराब रॅममुळे येणाऱ्या विचित्र चुकांचं खापर लोक डिस्ट्रोवर फोडत बसतात.

अर्धविराम

३.२ म्हणजे चैन आहे. आता चित्र बदललं. माझी शिफारस: व्हेंटॉय नावाचं साधन पेनड्राइव्हवर घाला. मग आयएसओ फाइली नुसत्या त्यात टाकायच्या, प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह पुन्हा तयार करायला नको. तीन घ्या: अँटिएक्स, एमएक्स लिनक्स (एक्सएफसीई) आणि मिंट एक्सएफसीई. तिन्ही लाइव्ह चालवा, वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं हे तपासा. आणि मग मावशींना बसवा समोर. तुम्ही निवडू नका.

अँटिएक्स सगळ्यात हलकी, ५१२ एमबीवरही चालते. सिस्टिमडी (बूट होताना बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) नाही. पण तिच्यात पूर्ण डेस्कटॉप नसून आइसडब्ल्यूएमसारखे विंडो मॅनेजर असतात. एक सेटिंग एका जागी असतं तर दुसरं वेगळ्याच जागी. मिंट सगळ्यात गुळगुळीत, पण तिची किमान मागणीच २ जीबी आणि सुचवलेली ४. एमएक्स मधली. ती मुळात अँटिएक्स आणि मेपिस या जुन्या डिस्ट्रोच्या लोकांनी मिळून केलेली, त्यामुळे अंगात काटकसर आहे आणि चेहरा माणसाळलेला.

वळणाची वाट

पपीला चौथा क्रमांक तरी द्यायचात.

निळी शाई

तिन्ही दाखवल्या. मावशीचे शेरे जसेच्या तसे:

अँटिएक्स: "पटकन उघडलं. पण हे कुणाच्या तरी कारखान्यातलं वाटतंय."
मिंट: "छान आहे. जरा थांबायला लागतंय."
एमएक्स: "पट्टी डावीकडे उभी का आहे? खाली घे. हां, आता ठीक."

एमएक्स-२३ ठरली. घातली. जुन्या हार्ड डिस्कवरच, एसएसडी नंतर बघू. सुरू होऊन काहीही न उघडता साधारण ६०० एमबी.

पण आता नवं संकट. वायफाय जोडलं जातं, तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. फायरफॉक्स सगळीकडे 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणतं. अगदी मोठमोठ्या संकेतस्थळांनाही. पॅकेजं अद्ययावत करायला गेले तर तिथेही 'अजून वैध नाही' असलं काहीतरी. मावशी म्हणते जुनं होतं ते बरं होतं.

तिरकस

मी काही बोलत नाहीये.

दोरीवरचा

राउटरची सेटिंग तपासली का? डीएनएस बदलून बघा.

सुतारपक्षी

फायरफॉक्सची प्रोफाइल उडवून नवी करा.

रात्रपाळी

काहीही उडवू नका. फक्त एक सांगा, पडद्यावरच्या घड्याळात तारीख कोणती आहे?

निळी शाई

१ जानेवारी २००७.

अरे देवा.

रात्रपाळी

मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे, बहुतेक यंत्रांत सीआर२०३२. लॅपटॉपमध्ये कधीकधी ती दोन तारांच्या वेष्टनात असते. ती मेली की वीज तुटल्याबरोबर घड्याळ जन्मतारखेवर जातं. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असतं. २००७ मध्ये बसून बघितलं तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यातलं, म्हणून अवैध. पॅकेजांच्या याद्यांचंही तेच. डिस्ट्रोचा, ब्राउझरचा, राउटरचा कुणाचाच दोष नाही.

तारीख हाताने बदला, लगेच चालेल. मग सेटिंगमध्ये नेटवरून वेळ जुळवणं चालू करा आणि सवडीने बॅटरी बदला. जुनं यंत्र हातात आलं की मी पहिल्यांदा घड्याळ बघतो. एकदा याच कारणावरून एक बरी चाललेली लिनक्स पुसून दुसरी टाकली होती. दुसऱ्या लिनक्समध्येही तेच झालं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

निळी शाई

चाललं! साष्टांग दंडवत. मावशीला सांगितलं की लॅपटॉपला वाटत होतं २००७ चालू आहे. ती म्हणाली, "वाटू दे की."

उंबरठा

या मावशींना इथे सदस्यत्व द्या.

पाचवी रेघ

मराठी लिहिण्याचं काय केलंत? ते कुणीच बोललं नाही अजून. हलक्या डिस्ट्रो फॉन्टवरही काटकसर करतात, आणि मग देवनागरीच्या जागी चौकोन किंवा 'क्‌ष' असली मोडकी जोडाक्षरं.

डेबियनच्या कुळात फॉन्ट्स-देवा नावाचं एक पॅकेज आहे, त्यात लोहितसकट बरेच देवनागरी फॉन्ट येतात. नोटो सॅन्स देवनागरीही घ्या, पडद्यावर वाचायला तो मला जास्त आवडतो. लिहिण्यासाठी आयबस, एफसीआयटीएक्स वगैरे टंकनाचे वेगळे प्रोग्राम न लावताही जमतं. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये थेट मराठीचे आराखडे मिळतात, इनस्क्रिप्ट आणि कगप उच्चारानुसारी असे दोन्ही. पाठीमागे वेगळा प्रोग्राम चालत राहत नाही, तेवढीच रॅम वाचली. मात्र रोमन अक्षरांतून 'namaskar' टंकून नमस्कार उमटवण्याची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन लागेलच.

तिरकस

@पाचवी रेघ, ते एक रोमन कसं सुटलं तुमच्याकडून?

पाचवी रेघ

उदाहरण होतं हो. हलके घ्या.

निळी शाई

मावशी इनस्क्रिप्टवाली आहे, टंकलेखनाच्या परीक्षा दिलेली. त्यामुळे तुमचा सोपा उपाय लागू पडला. अल्ट-शिफ्टने मराठी-इंग्रजी.

पण तिच्या जुन्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी.

पाचवी रेघ

युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. त्यात साठवलेली अक्षरं खरोखर इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटे गळाले. विंडोजच्या फोल्डरमधून तो फॉन्ट उचलून घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका, फाइली वाचता येतील. पुढेमागे परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा. विंडोज पुसण्याआधी फॉन्ट काढून ठेवला होता ना?

निळी शाई

...जुनी डिस्क तीच आहे. पुसली.

एक मिनिट. भावाच्या मेलेल्या लॅपटॉपची डिस्क आहे, त्यावर तेच फॉन्ट असतील. बघते.

गंजका खिळा

धाग्याने श्वास रोखलाय.

निळी शाई

मिळाले!! फाइली वाचता येतायत. यापुढे काहीही पुसण्याआधी आधी इथे विचारीन.

अर्धविराम

व्हिडिओ कसे चालतायत? त्या ग्राफिक्समध्ये आजच्या व्हिडिओंचा उलगडा करायची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर. यूट्यूब आपणहून व्हीपी९ किंवा एव्ही१ (व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धती) पाठवतं, ते आणखी जड. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन घाला म्हणजे तुलनेने हलकं एच.२६४ येईल. आणि ४८०पी च्या वर जाऊ नका. शिवाय विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपोझिटिंग बंद करा. सावल्या जातील, पण मावशींना सावल्या नकोच असतील.

निळी शाई

केलं. ४८०पी न अडखळता चालतंय. पंखा मात्र वाजतो, तो विंडोजमध्येही वाजायचा.

वळणाची वाट

आणि मुख्य प्रश्न? पत्ते?

निळी शाई

हो! एकोणतीस जणांनी बत्तीस मुद्दे मांडले आणि कंसातल्या अटीबद्दल कुणीही बोललं नाही. मीच शोधलं. आयलरायट नावाचा खेळ आहे, त्यात ऐंशीच्या वर प्रकार. क्लॉन्डाइक म्हणजे तिचं नेहमीचं. सुरुवातीला तीन-तीन पत्ते उलटत होता, सेटिंगमधून एक-एक केला. काल तिचा फोन आला. म्हटलं, आता काय बिघडलं? म्हणाली, "यात स्पायडरपण आहे हे तू सांगितलं नाहीस."

सुतारपक्षी

पायसोलएफसी पण बघा, हजारावर प्रकार आहेत. मग मावशींचा फोन येणंच बंद होईल.

तिरकस

माझी निवृत्तीची सूचना मी मागे घेतो. यंत्राची.

कोरी पाटी

नमस्कार, उशिरा आलो. माझ्याकडे २००९ चं छोटं नेटबुक आहे, अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम. सगळा धागा वाचला नाही. सगळ्यात हलकी कोणती ते सांगता का?

रात्रपाळी

पाटीसाहेब, एन२७० फक्त ३२-बिट आहे, म्हणजे शाईताईंची एमएक्स ६४-बिट तुम्हाला चालणार नाही. ३२-बिट अँटिएक्स २३ घ्या, ती डेबियन १२ वर आहे. रॅम त्या नेटबुकमध्ये बहुतेक २ जीबीपर्यंत जाते, जमलं तर वाढवा. ब्राउझिंगची फार आशा ठेवू नका. लिहिणं, गाणी ऐकणं, पत्ते, मजेत.

आणि आधी सांगा, घड्याळात तारीख कोणती आहे?